मिश्री : होय

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. मुलीने विचारलं तेव्हाही म्हणालो, "डॉक्टरला कळलं नाही." ते अर्धंच खरं होतं.

डॉक्टरने केसपेपरवर आमचं आडनाव वाचलं. माझ्या बायकोकडे, कौसल्याकडे, न बघताच बोलला, "तुमच्या लोकांत बायका मिश्री लावतातच. तोंड उघडा." लांबूनच बॅटरी मारली. तिच्या मानेत सुपारीएवढी गाठ होती, न दुखणारी. त्या गाठीला त्याने बोटही लावलं नाही. मला विचारलं, "लावते ना मिश्री?"

मी मान हलवली. "हो साहेब."

कौसल्याने जन्मात दातांना ती तंबाखूची मिश्री लावली नव्हती. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीतल्या बायकांच्या मिश्रीच्या डब्या तिनेच गटारात रिकाम्या करायला लावल्या होत्या. पण मी कचेरीतला शिपाई. खुर्चीतला माणूस काही म्हणाला की माझी मान आपोआप हलायची. त्याने लिहिलं, मिश्री : होय. हिरड्यांची सूज. गोळ्या.

"माझा उजवा कान बंद झालाय, ते राहिलंच," रिक्षात ती म्हणाली. "अन् तुम्ही हो का म्हणालात?"

"साहेबाशी वाद कशाला?"

"मग घरी गेल्यावर शिकवा मला मिश्री लावायला."

चार महिने गोळ्या बदलल्या. गाठ लिंबाएवढी झाली. सकाळी नाक शिंकरलं की रुमालावर रक्त. मी ते रुमाल घाईघाईने धुऊन टाकायचो.

मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी जुना कागद वाचला. "मिश्री कधीपासून?"

माझी मान हलायला लागली. कौसल्याने माझा दंड धरला. "मॅडम, ते खोटं आहे. आधी खोडा. मग तपासा."

बाईंनी खोडलं. नाकातून बारीक दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला. आठवड्याने चित्र काढून समजावलं. नाकाच्या मागे, घशाच्या अगदी वरच्या टोकाला कॅन्सर. नुसतं तोंड उघडून तो दिसत नाही. कानाची नळी तिथेच उघडते, म्हणून कान बंद. रक्त तिथलंच. मानेतली गाठही तिथूनच उतरलेली. "लवकर आलं तर पुष्कळदा बरा होतो," बाई म्हणाल्या. "इतके दिवस कुठे होतात?"

आता कौसल्या माझ्याकडे बघेल, या भीतीने मी खाली बघत राहिलो. ती बाईंना म्हणाली, "उपचार कधी सुरू करायचे?"

किरणांचे शेक झाले. दीड वर्षाने ती गेली.

आता वसाहतीत कुणाचा एक कान बंद झाला, मानेत गाठ आली, की मी सोबत जातो. चुकीचं लिहिलेलं दिसलं की टेबलापाशी उभा राहून म्हणतो, "साहेब, आधी ते खोडा." मरेपर्यंत म्हणणार.

कौसल्याला सांगायचं मात्र राहिलं. शेवटच्या आठवड्यात मी खाटेच्या उजव्या बाजूला बसलो. मुद्दामच. म्हणालो, "त्या दिवशी माझ्यामुळे..."

तिने डोळे उघडले. "काही म्हणालात? त्या कानाने नाही येत ऐकू. इकडून बोला."

मी उठून डावीकडे गेलो. तिने मान वळवली. वाट बघत राहिली.

"पाणी देऊ का?" मी म्हणालो.