धाकट्याच्या गाडीचे मागचे स्पीकर

धाकट्या भावाने पुण्यात गाडी घेतल्याचं फोनवर कळलं, तेव्हा मी कमलनगरच्या बसस्टँडवर चार जणांना चहा पाजला आणि घरी येऊन बायकोवर उगाच ओरडलो. मला फार आनंद झाला होता, असं मी आजही लोकांना सांगतो. खरं म्हणजे पोटात दुखत होतं. गाडी कुणाची तरी वापरलेली आहे, हे ऐकल्यावर जरा बरं वाटलं.

माझं बसस्टँडजवळ टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टेप, मग सीडी. पण पोट चालायचं ते खेड्यांना जाणाऱ्या जीपांवर. ज्या जीपमधलं गाणं चांगलं वाजे तिच्यात माणसं आधी चढत, त्यामुळे जीपवाले आवाजाला फार जपायचे. औरादपासून उदगीरपर्यंत पळणाऱ्या निम्म्या जीपांमधले स्पीकर माझ्या हातचे, असं मी म्हणायचो. निम्मे नसतील, पण बरेच होते.

आमचे वडील, आप्पा, रोज दुपारी दुकानात येऊन बाकावर बसत. तरुणपणी ते गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. आता बोटं आखडली होती. भिंतीला डोकं टेकलं की त्यांचे डोळे मिटत, आणि झोपले म्हणून मी माझं काम करत राही. माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी शब्द काढला नाही, बरा नाही की वाईट नाही. धाकट्याचं मात्र सगळं तोंडपाठ. कंपनी कुठली, तो कितव्या मजल्यावर बसतो, जेवण कसं फुकट मिळतं. दवाखान्यात मी न्यायचं, चष्मा मी करून आणायचा, आणि माझ्याच गिऱ्हाइकांपुढे कौतुक ऐकायचं ते पुण्याचं. पिकतं तिथं विकत नाही, हे मी त्या दुकानात बसूनच शिकलो.

मे महिन्यात धाकटा गाडी घेऊन आला, बायको आणि लहान मुलीसह. पांढरी गाडी. सगळी गल्ली बघायला. आप्पा गाडीभोवती दोन वेळा फिरले आणि खांद्यावरच्या पंच्याने काच पुसली. माझं दुकान उघडून पंधरा वर्षं झाली होती, तिथली काच त्यांनी एकदाही पुसली नव्हती.

मग धाकट्याने गाणं लावलं, आणि माझा जीव थंड झाला. मागचे दोन्ही स्पीकर फाटलेले होते. मागच्या काचेखालच्या फळीत ते बसवलेले असतात, तिथं दिवसभर ऊन तापतं. त्या उन्हाने कागद वाळून चिरला होता आणि प्रत्येक ठेक्याला फरफर व्हायची.

"अण्णा, हे बदलायचेत," धाकटा म्हणाला. "पुण्यात कुणालाबी दाखवलो न्हाई. तूच निवड म्हणून ठेवलो."

इतका बरा बोलला की मला त्याचा अजूनच राग आला. चांगल्या माणसाचा मत्सर करणं फार अवघड असतं, धड शिव्याही देता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच बिदरला गेलो. मी नेहमी माल आणायचो ते दुकान होतं. धाकटा खोक्यांवरचे वॅटचे आकडे वाचायला लागला. दुकानदाराने चकचकीत रुपेरी टोपीचा जोड काढून त्याच्यापुढे ठेवला. मी तो हातात घेतला. मागचं मॅग्नेट बिस्किटाएवढं.

"ये तो देखने के हैं," मी म्हणालो.

दुकानदार हसला. "तुमकू मालूम है, इन्कू नक्को बोलो."

त्या क्षणी माझ्या मनात आलं, घेऊ दे त्याला हेच. सहा महिन्यांत फुसकतील. पण तोंड ऐकेना. वाईट माल कुणी चांगला समजून घेतोय म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो, मग तो घेणारा धाकटा का असेना. मी लंबगोल सहा-बाय-नऊचा जोड मागितला, काळा, साधा, कागदाचा, जड मॅग्नेटचा. बरोबर ढोलकीची सीडी नेली होती. ती लावून डोळे मिटून ऐकली, एकदा या जोडावर, एकदा त्या. काळ्या जोडावर ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा छातीत येऊन लागत होता. हाच घे म्हणालो. धाकट्याने दुकानदाराला अभिमानाने सांगितलं की आमच्या अण्णाला कान आहे. परतीच्या रस्त्यावर भालकीपर्यंत मी खरोखर खूश होतो.

भालकीत चहाला थांबलो. बशी तोंडाला लावून धाकटा सहज म्हणाला, "बरं झालं चांगले घेतले. आप्पा मागंच बसणार हायत पुण्यापर्यंत."

"कामून? आप्पा कुठं चाललेत?"

त्याने बशी खाली ठेवली. "तुला बोलले न्हाईत? आता आमच्याकडंच ऱ्हातो म्हणालेत. पोरीला बघायला माणूस न्हाई आमच्याकडं. गेल्या महिन्यातच फोनवर व्हय म्हणाले."

गेल्या महिन्यात. म्हणजे महिनाभर ते माझ्या दुकानात, माझ्या बाकावर बसून होते, आणि जायचं ठरवून बसले होते. भालकीहून निघालो. गाडीचा गारवासुद्धा सहन होत नव्हता, मी काच खाली केली.

त्याच दुपारी दुकानापुढे गाडी लावून मी स्पीकर बसवले. धाकटा ऊन लागतंय म्हणून घरी गेला. आप्पा बाकावर होते, डोळे मिटून. स्पीकरला दोन टोकं असतात, त्यांतल्या एकाला लाल ठिपका. दोन्ही स्पीकरना वायर सारखी जोडावी लागते. एका बाजूला उलटी जोडली तर एक कागद पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि दोघं मिळून एकमेकांचा घुमारा खातात. फाटल्याचा आवाज येत नाही, गाणंही नीट ऐकू येतं, फक्त त्यातलं वजन जातं. मागच्या सीटवर मधोमध बसणाऱ्याला ते सगळ्यांत जास्त जाणवतं, आणि बाकीच्यांना काय चुकलंय ते बापजन्मात सापडत नाही.

मी डावी बाजू सरळ जोडली. उजवी उलटी जोडली. सांगायला लाज वाटते, पण मी ते जाणूनबुजून केलं. पुण्यापर्यंत पोकळ गाणी ऐकत जा म्हटलं, दोघंही.

सकाळी धाकट्याने सगळ्यांना बसवून उदगीरच्या रस्त्यावर चक्कर मारली. मी पुढे त्याच्याशेजारी, आप्पा मागे मधोमध, एका बाजूला नात आणि दुसऱ्या बाजूला सून. धाकटा म्हणाला, "एक नंबर वाजायलंय अण्णा."

दुपारी ते नेहमीसारखे दुकानात आले. या वेळी डोळे मिटले नाहीत.

"ढोलकीचा घुमारा कुठं गेला रं?"

मी सोल्डरची कांडी शोधायला लागलो. "नवे हायत आप्पा. मोकळे व्हायला चार दिवस लागत्यात."

"जीपला स्पीकर बसवतूस तवा दोन्हीकडं सेल लावून बघतूस. कागद भाईर येतो का आत जातो ते बघतूस. काल न्हाई लावलास."

खरं होतं. बॅटरीचा सेल टेकवून दोन्ही कागद एकाच दिशेने हलतात की नाही, हे मी दर वेळी बघायचो. मला वाटायचं, म्हातारा झोपलाय.

"राहिलं असंल," मी म्हणालो.

"इतक्या वर्सांत एकदाबी न्हाई राहिलं. बगत असतो मी. तुझ्यासारखं काम बिदरपतोर कुणी करत न्हाई." ते थांबले. "चुकून झालं असं म्हणू नगंस. तुझ्या हातनं चुकून असं व्हत न्हाई."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी पंधरा वर्षं थांबलो होतो. आलं ते माझ्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

"त्याला म्हैनाभर आधी सांगितलाव. मला कामून न्हाई?"

आप्पांनी आखडलेली बोटं मांडीवर सरळ करायचा प्रयत्न केला. "त्याला सांगायला काय लागतं? फोन उचलला, सांगितलो. तुझ्या तोंडाकडं बगून सांगायचं व्हतं. रोज यायलो, रोज तसाच जायलो."

मी धाकट्याला गाडी घेऊन ये म्हणून निरोप पाठवला. तो आला. मी डिकीत वाकून उजवी बाजू काढली, वायर सरळ केली, दोन्हीकडे सेल लावून बघितला. आप्पा मागच्या सीटवर मधोमध जाऊन बसले होते. ढोलकी लागली, आणि त्यांची मान हलली.

धाकटा चकित होऊन माझ्याकडे बघायला लागला. "केवढा फरक पडलाय. सकाळी काय झालतं अण्णा?"

मी सेल खिशात घातला आणि डिकी बंद करायला लागलो.

"वायर सैल पडली व्हती," आप्पा मागून म्हणाले. "खड्ड्यानं. ह्याची काय चूक न्हाई."

आप्पा कुणाशी तोंडदेखलं बोलत नसत. धाकट्याचा दहावीत एक विषय राहिला होता, तर तेही त्यांनी त्याच्या सासऱ्याला सोयरीक ठरायच्या आधीच सांगून टाकलं होतं. त्याच्यासाठी ते कधी खोटं बोलले नाहीत. आयुष्यात एकदा बोलले ते माझ्यासाठी.

रविवारी आप्पा त्यांच्याबरोबर पुण्याला गेले, आणि मला पुन्हा धाकट्याचा हेवा वाटला. अजूनही वाटतो. पण त्या खोट्याचं त्याला काही माहीत नाही, आणि मी ते त्याला सांगणार नाही.