भरतीला दिलेला देव

देव माणसाच्या मागोमाग परमुलखात येतो की गावाच्या वेशीशीच थांबतो, हे मला त्या साली काही केल्या कळत नव्हतं. आमचं गाव माणदेशात. पाऊस पडला तर पडला, नाहीतर वर्षभर माळाकडं बघत बसायचं. वडील गेले तेव्हा मी मराठी चौथीत होतो. शाळा सुटली ती सुटलीच, आणि मामांच्या ओळखीनं मी मुंबईला एका बुकबाइंडिंगच्या कारखान्यात लागलो. दिवसभर छापील कागद दुमडायचे, शिवायचे, खळ लावायची. काम वाईट नव्हतं, दोन वेळा पोटाला मिळत होतं, त्याबद्दल मी आजही हात जोडतो. पण स्वभाव पहिल्यापासून घाबरट. पोस्टमन चाळीच्या जिन्यात दिसला की मी दाराआड व्हायचो. आई गावाकडं एकटी होती, आणि तिच्या आणि माझ्या मध्ये सगळा घाट उभा होता.

मुंबईला निघताना आईनं माझ्या हातात पिवळ्या फडक्यात बांधलेला एक टाक दिला होता. टाक म्हणजे देव्हाऱ्यातला चांदीच्या पत्र्याचा देव, आमचा खंडोबाचा. आजोबांच्याही आधीपासून धुऊन धुऊन तो इतका झिजला होता की घोडा कुठला आणि घोड्यावरचा देव कुठला हे बोटांनाच कळायचं, डोळ्यांना नाही. त्या साली त्याची कड तुटली. तुटलेला देव पूजेत ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. आमच्या ओढ्याला पाणी कुठलं! आई म्हणाली, "तू दर्याच्या गावाला चाललायस, तर ह्याला नारळासंगं मोठ्या पाण्यात दे. जुना गेल्याबिगर मी नवा बसवायची न्हाई." मी मान हलवली, फडकं छातीशी धरलं आणि गाडीत बसलो.

आणि तेच माझ्याच्यानं होईना. मुंबईत चहूकडं समुद्र. पण चौपाटीवर गेलो की गर्दी, भेळेचे कागद, पोरांची दंगल. इथं कसा सोडू? असं स्वतःला सांगायचो आणि परत यायचो. खरं कारण वेगळं होतं. खोलीत सात जण झोपायचो, त्यात माझं म्हणावं असं त्या फडक्याशिवाय काही नव्हतं. रात्री उशाशी चाचपलं की आमच्या घराचा वास यायचा, हळदीचा आणि शेणानं सारवलेल्या भुईचा. ते पाण्यात टाकल्यावर मी कुठल्या गावचा उरणार होतो?

कारखान्यात दाजीबा म्हणून एक जुने कारागीर होते. जन्म मुंबईचा, पण रविवारी मुंबईत थांबत नसत. रेल्वेनं जाऊन दिवसभर पायी हिंडायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, हा त्यांचा नेम. माझा चेहरा बघून त्यांनी मला बरोबर घ्यायला सुरुवात केली. "घरात बसून घर आठवतं रे. पायाला काम दे." त्यांच्याबरोबर मी नेरळला उतरून खेळण्यातल्यासारख्या छोट्या गाडीच्या रुळाकडेनं डोंगर चढलो, कर्जतच्या नदीत पाय सोडून भाकरी खाल्ली, खोपोलीपर्यंत जाऊन घाटाच्या पायथ्याचं रान तुडवलं. ऐन आणि साग ही झाडं मी तिथंच ओळखायला शिकलो. प्रत्येक वेळी फडकं कमरेला बांधलेलं असायचं. प्रत्येक वाटेवर वाटायचं, आज देऊन टाकू. नदी लागली की मन म्हणायचं, आईनं मोठं पाणी सांगितलंय. खोपोलीला घाटाकडं तोंड करून मी कितीतरी वेळ उभा होतो. त्या भिंतीच्या पलीकडं माझा मुलूख. दाजीबा म्हणाले, "डोंगराला बघून रडतोस होय रे? लोक समुद्राला बघून रडतात." मी हसलो, पण डोळे पुसावे लागले.

कार्तिकात गावाकडून मामांचं कार्ड आलं. आई महिनाभर तापानं पडून होती. नवा टाक घडवून आणलेला, पण सुपात धान्याखाली झाकून ठेवला होता. चंपाषष्ठीच्या आत देव बसावा म्हणून ती रोज एकच विचारत होती, पोरानं जुना पोचवला का? पोचवला असं कळल्याशिवाय ती औषधालाही नीट तोंड लावत नव्हती. मी रजा मागितली. हातात मोठं काम होतं, फोरमननं मिळणार नाही म्हणून सांगितलं, आणि सोमवारी सकाळी दिसला नाहीस तर पुन्हा येऊच नकोस, असंही वर सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता, त्यालाही वरून कुणीतरी दाबत होतं. त्या रात्री मी फडकं कपाळाला लावलं आणि ठरवलं, आता मन मानो न मानो, येत्या रविवारी सोडायचा. खंडोबाचाच वार.

नेमके त्या रविवारी दाजीबांकडं पाहुणे होते. त्यांनी वाट सांगितली: गाडीनं मशीद बंदर, तिथून चालत धक्का, आगबोटीनं मोरा, आणि पुढं उरण ओलांडून डोंगराच्या कडेकडेनं करंजाचा किनारा. "निर्मळ जागा आहे. फक्त परतीची बोट चुकवू नकोस. पाणी भरलेलं असतं तोवरच ती धक्क्याला लागते. पाणी उतरलं की नुसता चिखल, मग बसशील तिथंच."

मोऱ्याला उतरून मी चालत निघालो. वाटेत मिठागरं होती. सत्याग्रहामुळं मिठाचं नाव त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी होतं, पण आगरांतून पांढरे ढीग उन्हात चमकताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. पुढं द्रोणागिरीच्या अंगानं रान लागलं. करवंदीच्या जाळ्या, मध्येच एखादा रानआंबा, पाचोळ्यात सरडे सळसळत होते. वारा झाडांतून यायचा आणि त्याला खारट वास. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्या वाटेवर बसून राहिलो असतो. त्या दिवशी मात्र मी पायाखालचीच वाट बघत होतो आणि तोंडानं आईचं नाव घेत होतो.

किनाऱ्यावर आलो तेव्हा कोणी नव्हतं. लांब वरच्या अंगाला बांबूंवर मासळी वाळत घातलेली. समुद्र मोठा, हिरवा, आणि माझ्याकडंच येत असलेला. मी अंघोळ केली, टाक नारळाला फडक्यानं घट्ट बांधला, भंडारा वाहिला आणि डोळे मिटून पाण्यात सोडला. डोळे उघडले तर तो माझ्या गुडघ्याशी. पुन्हा आत जाऊन लांब फेकला. लाटेनं उचलला आणि वाळूवर आणून ठेवला. पुन्हा छातीएवढ्या पाण्यात गेलो, नाकातोंडात पाणी गेलं, जीव खाऊन फेकला. मागं फिरून काठावर येईतो पिवळं फडकं माझ्या आधी पोचलेलं. दूर सारलेलं पोर जसं पुन्हा पुन्हा आईच्या पदराशी येतं, तसा तो येत होता. इतके दिवस मीच त्याला सोडत नव्हतो, आणि आता तो मला सोडत नव्हता. मनात आलं, देव नको म्हणतोय. वेळ गेली. आई गेली. मी वाळूत बसलो आणि मोठ्यानं रडलो.

"काय रं, दर्याशी भांडतंस काय?"

मागं कोळीण उभी होती. काष्टा मारलेला, नाकात मोठी नथ, काखेत टोपली, हातात मासळी उलथायची काठी, आणि आवाज असा की वाऱ्याच्या वर चढावा. "मगापासून बघतंय मी. हा टाकतो नि दर्या परत करतो, हा टाकतो नि दर्या परत करतो. मी म्हनलं, येडा हाय का चोर हाय?"

मी हुंदके देत सगळं सांगितलं. आई, ताप, सुपातला नवा देव. तिनं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अरं बाला, भरती हाय ही! भरतीला दर्या देतो, घेत न्हाय. पोचवायचं ते ओहोटीला. तुला कोनी सांगितलं न्हाय?"

कोण सांगणार? आमच्याकडं पाणी एकाच दिशेला जातं, उताराकडं. ते उलटंही येतं हे छापलेले पुस्तकांचे कागद मी कदाचित शिवलेही असतील, पण ते कधी समजलं नव्हतं.

"मग ओहोटी कवा?" मी विचारलं.

तिनं पाण्याकडं बघितलं. "अजून येल हाय. पानी पुरतं भरंल, मग फिरंल."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाणी फिरेपर्यंत थांबलो तर बोट जाणार. बोट गेली तर सोमवार गेला, काम गेलं, आणि आईला औषधाला काही पाठवणंही गेलं. देव न सोडता गेलो तर मामांना काय लिहू? मी तिला बोटीचं सांगितलं. तिनं वाकून नारळ उचलला, फडक्याची गाठ जरा सैल केली. आतला ओला भंडारा तिच्या बोटांना लागला. तिनं बोटं बघितली, टाक उन्हात धरला, त्याच्या झिजल्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि एकदम काठी खाली टाकली.

"मल्हारी हाय ह्यो!" ती म्हणाली. आवाज पार खाली आलेला. "आमच्या घरचा देव. आमीपन जेजुरीला जातो रं." आणि तिथंच उभ्या उभ्या तिनं तो कपाळाला लावला आणि हळूच म्हणाली, "येळकोट, येळकोट."

इतक्या लांबच्या, पाण्याच्या काठच्या, माशांच्या वासाच्या त्या बाईच्या तोंडून माझ्या घरातले शब्द. आई रोज सकाळी तेच म्हणायची, त्याच आवाजात.

"दे माज्याकडं," ती म्हणाली. "आमचा नाखवा ओहोटीला होडी काढतो. खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडील. तू तुजी बोट गाठ."

देणं सोपं नव्हतं. पाण्याला देतानाही हात इतका जड झाला नव्हता. पाणी निदान डोळ्यांसमोर होतं. ही कोण, कुठली? नारळ फोडून खाईल, चांदी विकील, असं सगळं वाईट एका क्षणात मनात येऊन गेलं. ते तिला चेहऱ्यावर दिसलं असावं. ती रागावली नाही. "बघ बाबा," एवढंच म्हणाली आणि टाक माझ्यापुढं धरून उभी राहिली. मी हात पुढं केला, टाकाला शेवटचं बोट लावलं, आणि हात मागं घेतला. त्या घटकेला माझ्या आतलं काहीतरी, जे माणदेशापासून मुठीत आवळून आणलं होतं, ते सुटलं. मी तिच्या पाया पडलो. "हां हां, उशीर करू नको," म्हणत तिनं टोपलीतून तांदळाची भाकरी काढली. सोबत मासळी असेल असं वाटून मी म्हटलं, "आज आयतवार, मासळी चालत न्हाई." ती फसकन हसली. "आमचाबी आयतवारच हाय की! मीठ-मिर्ची घे, नि पल."

मी पळालो. बोट धक्क्याला होती. पाणी काठोकाठ भरलेलं, अजून फिरलेलं नव्हतं. बोटीत बसून ती पांढरी, मऊ भाकरी खाल्ली. मुंबईकडं येईतो सूर्य खाली गेला आणि मी पाण्याकडं बघत राहिलो, ते केव्हा फिरतं ते कळावं म्हणून. मला कळलं नाही. त्या रात्री उशाशी हात गेला तर तिथं काही नव्हतं, आणि तरीही कितीतरी दिवसांनी मला झोप लागली. सकाळी मामांना कार्ड टाकलं: देव दर्यावर पोचवला. याहून जास्त लिहिण्याचा मला अधिकार नव्हता.

आई उठली. ताप उतरायचाच होता म्हणून उतरला, की औषध पोटात जायला लागलं म्हणून, हे मी सांगू शकत नाही. नवा देव चंपाषष्ठीला बसला. होळीला मी गावी गेलो तेव्हा ती चुलीपुढं होती, वाळलेली, पण बसलेली. तिला मी सगळं खरं सांगितलं. शेवटी जे मनात सलत होतं तेही बोललो, की आई, तिनं सोडला का ठेवला, मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

आईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तुला काय खायाला दिलं का रं तिनं?"

"दिलं. तांदळाची भाकरी."

"मंग पोचला देव," आई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

पुढच्या साली मी त्या बाईला शोधायला करंजाला गेलो. सोबत दाजीबा होते. वाळवणीवरच्या बायकांना विचारलं, मोठ्या नथीची, मोठ्या आवाजाची. त्या एकमेकींकडं बघून खो खो हसल्या. "कोलीवाड्यात आलास नि मोठ्या आवाजाची बाय शोधतंस? आमच्यात बारीक आवाजाची असंल तर सांग, ती गावंल!" नाव मी विचारलं नव्हतं. तिनंही माझं विचारलं नव्हतं. मी किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. ओली वाळू लांबवर उघडी पडलेली आणि पाणी शांतपणे मागं मागं जात होतं.

आता आईही नाही. गाव अजून आठवतं, तितकंच आठवतं; ती ओढ गेली असं मी म्हणणार नाही. रविवारी अजून गाडीनं जातो, रानातून नाहीतर समुद्राच्या काठानं दिवसभर चालतो. कमरेला काही बांधलेलं नसतं. देव वेशीशी थांबतो का, हे आता मी कुणाला विचारत नाही. आपण मुठीत धरून नेतो म्हणून तो आपल्याबरोबर येत नसतो. तो आधीच पुढं जाऊन कुणाच्या तरी घरी राहिलेला असतो. आपण फक्त मूठ उघडायची, आणि त्या घरची भाकरी मिळाली तर दोन्ही हातांनी घ्यायची.