मण्यांचं ताट

लेकीच्या बालवाडीतल्या बाईंनी मला थांबवून सांगितलं, "तिच्या बोटांत जोर नाही. बटणं लावता येत नाहीत, खडू निसटतो. घरी मणी ओवायला द्या, चिमट्याने राजमा उचलायला द्या. मुलं तासभर गुंतून राहतात."

मी हो म्हटलं. परळच्या आमच्या फ्लॅटमध्ये खेळ सुरू झाले. कणकेचे गोळे, वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडणं, दोरीला कपड्यांचे चिमटे लावणं, स्पंज पिळून या वाटीतलं पाणी त्या वाटीत. लेक रमायची. पण मणी मी आणले नाहीत. राजमा, चवळी वरच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यांत. नवरा म्हणायचा, "अगं, चार वर्षांची आहे ती." मी विषय बदलायचे. मला एक धाकटी बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, इतकंच त्याला ठाऊक होतं.

तेव्हा आम्ही वरळीला बीडीडी चाळीत राहायचो. बाबांची गिरणी बंद पडलेली, म्हणून आई घरी माळा ओवायचं काम आणायची. मी सहा वर्षांची, बहीण दीड. आईला खाली जायचं असलं की ती मण्यांचं ताट माझ्यापुढे सरकवायची. "रंग वेगळे कर बाय, आणि हिच्याकडे बघ."

त्या दुपारी मी निळे मणी वेचत होते. बहिणीने एक मणी तोंडात घातला. मी पाहिलं. एवढे निळे झाले की काढते, असं मनात आलं. मग तिचा आवाजच येईना. शेजारच्या काकू तिला उचलून धावत सुटल्या. त्या परतल्या तेव्हा त्यांचे हात रिकामे होते.

आईने ते काम सोडलं. बहिणीचं नाव घरात पुन्हा कुणी घेतलं नाही.

गेल्या वर्षी चाळ पाडायला घेतली, तेव्हा आई आमच्याकडे राहायला आली. एकदा दुपारी मी न्हाणीघरातून बाहेर येत होते, तर ताटात मणी घरंगळल्याचा आवाज आला. मी थांबले, पण घाबरले नाही. तो आवाज मला तीस वर्षं येतो. कधी बांगड्यांत, कधी नळाखालच्या भांड्यांत. तो आपोआप थांबतो. या वेळी थांबला नाही.

आई फरशीवर बसली होती. समोर लेक, मधे ताट. मी धावत जाऊन ताट उडवलं. मणी खोलीभर झाले. लेकीने भोकाड पसरलं.

"बाईंनी सांगितलंय म्हणाली ती," आई म्हणाली. "लालबागमधून घेऊन आले. मी बसलेय ना समोर. तेव्हा बसले नव्हते."

मी भिंतीला टेकून खाली बसले. इतकी वर्षं न बोललेलं तोंडातून गेलं. "आई, मी बघितलं होतं. तिने तोंडात घातला तेव्हा."

"माहीत आहे."

"कसं?"

"तूच सांगितलंस. त्याच संध्याकाळी, माझ्या पदरात तोंड खुपसून."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. "मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही म्हणाले." आई लेकीचे डोळे पुसत होती. "म्हणायला हवं होतं. सहा वर्षांचं पोर तू. ताट मी ठेवलेलं."

मग आम्ही दोघींनी सोफ्याखाली, पलंगाखाली हात घालून मणी गोळा केले. लेक पुन्हा ओवायला बसली. मी तिच्या बोटांकडे नाही, तोंडाकडे बघत होते.

पावसाळा संपेपर्यंत तिला गणवेशाची बटणं लावता यायला लागली. बाई खूश झाल्या. मणी घरात आहेत. ती ओवायला बसली की मी त्या खोलीतून अजूनही हलत नाही.

परवा आई स्वयंपाकघरातून लेकीला हाक मारत होती. "ये गं, भात वाढलाय." पण नाव लेकीचं नव्हतं. तीस वर्षांत घरात कुणी न घेतलेलं, माझ्या बहिणीचं होतं. आईच्या काहीच लक्षात आलं नव्हतं.

लेकीने मान वर केली आणि "आले" म्हणत ती उठली.