तिसरा आग्रह

गाण्याच्या बाबतीत आईचा एक नियम होता. हळदीकुंकू असो की बारसं, कुणी "एक गाणं म्हणा ना" म्हटलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा आग्रह झाला की घसा बसलाय म्हणायचं. तिसऱ्यांदा मात्र नाही म्हणायचं नाही, तो माज झाला. मग चष्मा लावायचा, पदर सारखा करायचा आणि वही उघडायची. लहानपणी मला हे सगळं नाटकी वाटायचं. गायचंच आहे तर पहिल्यांदाच गा की! पण कराडातल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या बायका तसंच करायच्या, आणि आग्रह करणाऱ्यांनाही तीनदा म्हणायचं हे पाठ होतं.

आता मी अमेरिकेत, ॲशबर्नला एका टाउनहाऊसमध्ये राहते. शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच आहे. तिथे शाळेतून रिटायर झालेली एक संगीत शिक्षिका राहते. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावते आणि पियानोवर व्हिक्टोरियन काळातली घरगुती गाणी वाजवते. रेडिओ नव्हता तेव्हा लोक जेवणं झाली की दिवाणखान्यात पियानोभोवती जमून जी गाणी म्हणायचे, ती. आधी सगळे मिळून गातात, मग ज्याला हौस असेल तो एकटा म्हणतो.

आई सहा महिन्यांसाठी आली होती, तेव्हा शेजारणीने दारात येऊन आम्हा दोघींना आमंत्रण दिलं आणि गाण्यांच्या झेरॉक्सचं एक बाड आईच्या हातात ठेवलं. आईने दोन दिवसांत ते डिक्शनरी घेऊन वाचून काढलं. "सगळ्या गाण्यांत कुणीतरी घर सोडून गेलेलं असतं गं," ती म्हणाली. त्यातलं एक तिने निवडलं. मुलगी दूर देशी गेलीये आणि आई रोज खिडकीत दिवा ठेवते, असं काहीतरी. भिंतीपलीकडे पियानो सुरू झाला की ती खुर्ची ओढून भिंतीला लागून बसायची आणि चाल टिपायची.

मग घरात ते गाणं सुरू झालं. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना. मी घरूनच काम करायची. एकदा मीटिंगमध्ये समोरच्या माणसाने मागे रेडिओ चालू आहे का विचारलं, तेव्हा मी हो म्हणून सांगितलं आणि नंतर आईवर खेकसले, "आई, माझे कॉल्स असतात, प्लीज." ती मग बेसमेंटमध्ये जाऊन म्हणायला लागली.

तिचा आवाज चांगला आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. लाज आवाजाची नव्हती. त्या सरळ चालणाऱ्या इंग्रजी गाण्यात ती मधेच मुरकी घ्यायची, एकेक शब्द सुटा करून ठसठशीत म्हणायची, वर डोळे मिटून हाताने ठेका धरायची. त्या गोऱ्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात ती अशी उभी राहिलेली मला दिसायची आणि अंगावर काटा यायचा. पंधरा वर्षं मी माझे उच्चार घासूनपुसून घेतले होते. आई एका गाण्यात त्यावर पाणी फिरवणार, असं मला वाटायचं. आज हे लिहितानाही शरम वाटते, पण वाटायचं हे खरं.

त्या रविवारी आई जांभळी इरकल नेसून आली. पाच-सहा गाणी झाली, दोघा-तिघांनी एकेकट्याने म्हटली. मग शेजारणीने पियानोवरून वळून आईला विचारलं, तुम्ही म्हणाल का एखादं? आई हसली, हात हलवून "नो, नो" म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने तिने पर्समधून चष्म्याचं घर काढलं.

आता शेजारीण भली बाई. तिच्या रीतीत नाही म्हणजे नाही, पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला अवघडवणं. तरी तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "परत विचारा," एवढंच मी म्हणायला हवं होतं. आईही माझ्याकडे बघत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात म्हणत मी अगदी सफाईदार इंग्रजीत सांगितलं, "आई गात नाही. तिला फक्त ऐकायला आवडतं."

शेजारणीने मान डोलावली आणि पुढचं गाणं सुरू केलं. माझा जीव भांड्यात पडला. आईने चष्म्याचं घर मिटून पर्समध्ये ठेवलं. घरी येताना ती म्हणाली की बाई फार मन लावून वाजवते, आणि संध्याकाळी पोहे करू का.

ती परत जायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना मला तिची वही दिसली. आख्खं गाणं देवनागरीत उतरवलेलं, खाली सरगम, श्वास कुठे घ्यायचा तिथे लाल फुल्या. समासात लिहिलं होतं : "मुरक्या नकोत. त्यांची चाल साधी आहे." म्हणजे जी मुरकी मला डाचत होती ती तिने स्वतःच काढून टाकली होती. तेवढं ऐकायला मी बेसमेंटमध्ये कधी गेले नव्हते.

मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच चिडले. "एवढं बसवलं होतंस तर म्हणाली का नाहीस?"

"तू सांगितलंस ना, गात नाही म्हणून," ती साडीची घडी घालत म्हणाली. "चारचौघांत तुला खोटं पाडू होय?"

गेल्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली. त्याआधी मी शेजारणीकडे जाऊन सगळं सांगितलं, माझं खोटं बोलणंसुद्धा. आईला तीनदा विचारायचं, पहिल्या दोन नकारांकडे लक्ष द्यायचं नाही, हेही समजावलं. तिने ते मनावर घेतलं.

रविवारी तिने आईला विचारलं. आई हसून नको म्हणाली. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. आई पुन्हा नको म्हणाली, घशाचं काही बोलली नाही. पर्स मांडीवर तशीच बंद होती. तिसऱ्यांदा शेजारीण पियानोवरून उठून आईजवळ आली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, माझ्यासाठी एकच म्हणा.

"मी गात नाही," आई स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. "मला फक्त ऐकायला आवडतं."

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. आता पुढे काय करायचं, हे ती विचारत होती. मी तिला तीनपर्यंतच शिकवलं होतं.