शनिवारच्या रकान्यात शशी

शशिकांत साळवे गेल्याचं कळलं तेव्हा मी आधी रोस्टर उघडलं. शनिवारच्या रकान्यात त्याचं नाव होतं आणि ती शिफ्ट आता कोण करणार, हा माझा पहिला विचार. वाईट वाटलं ते नंतर. सहा आठवडे झाले, पण हा क्रम बदलून सांगावासा वाटत नाही.

इथे परदेशात, वेस्टमीडला ज्या लॅबमध्ये आम्ही होतो, तिथलं रोस्टर मी बनवतो. नगरचा शशी तिथे रक्ताचे नमुने तपासायचा. माझी-त्याची ओळख अकरा वर्षांची, आणि तेवढीच वर्षं माझ्या मनात त्याच्याबद्दल संशय. हा माणूस दुसऱ्यांच्या शिफ्ट घ्यायचा. कुणाची दिवाळी, कुणाची ईद, कुणाच्या मुलाचा दाढदुखीचा दिवस... यात याचा फायदा काय? एकदा मी वर्षभराची रोस्टर्स काढून मोजलं. दुसऱ्यांच्या एकोणीस शिफ्ट घेतल्या होत्या, स्वतःची दिली होती एकच. मी ठरवून टाकलं, हा ख्रिश्चन आहे, आज ना उद्या चर्चला बोलावणार. मी नकाराचं वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं.

कोविडच्या पहिल्या वर्षी कॅन्टीनमध्ये दीड मीटरवर बसून डबा खाताना मी सरळ विचारलं. तो हसला. "कुलकर्ण्या, तू देवाचंही ऑडिट करशील." मग म्हणाला, "पूर्वी माझी प्रार्थना म्हणजे माझा इथला कायमचा व्हिसा, माझं घर, माझी पाठ. आई एकदा म्हणाली, तुझ्या देवाला तुझ्याशिवाय कुणी ओळखीचं नाही का रे? फार लागलं ते. तेव्हापासून रोज दुसऱ्यांची नावं घेतो. आणि ज्याचं नाव घ्यायचं त्याचं हाताने एक तरी काम करायचं, नाहीतर ती नुसती बडबड."

"माझं घेतोस?"

"घेतो की."

"घेऊ नकोस. मला न विचारता माझ्यासाठी काही मागायचं नाही."

त्याचा घास हातातच राहिला. "बरं," एवढंच म्हणाला.

त्याच डिसेंबरात पुण्यात माझे वडील गेले. सीमा बंद, जाणं शक्य नव्हतं. अंत्यसंस्कार तिथले सकाळी दहाला, म्हणजे आमचे दुपारी साडेतीन, आणि तो नेमका ख्रिसमसचा दिवस. दुपारची शिफ्ट माझी, कारण ख्रिसमसला आम्ही ख्रिश्चन नसलेलेच कामावर असायचो. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, फक्त सुपरवायझरला कारण सांगून अर्ध्या तासाचा ब्रेक मागितला होता. तीनला शशी मास्क लावून लॅबच्या दारात उभा; सुपरवायझरकडून कळलं असावं. घरी बारा माणसं जेवायला बसलेली, ती सोडून आलेला. एवढ्या दुःखातही माझ्या तोंडून काय निघालं?

"बदल्यात काय हवंय तुला?"

"तुझा फोन चार्ज आहे का बघ," तो म्हणाला. "चल, निघ."

वडिलांना मी गाडीत बसून, फोनवर निरोप दिला. शशीचे आभार मानले ते दोन दिवसांनी, ईमेलने.

या हिवाळ्यात तो घरीच कोसळला, हार्ट अटॅकने. लॉकडाउनमुळे चर्चमधला निरोपही मी स्क्रीनवरच पाहिला. पुढे निर्बंध सुटल्यावर ब्लॅकटाउनच्या घरी सुनंदा वहिनींना, त्याच्या पत्नीला, भेटायला गेलो. चहा झाला. मनात सलत होतं ते विचारलं : तो शेवटपर्यंत माझं नाव घेत होता का? खरं सांगायचं तर, त्याने शब्द मोडला असता तर मला बरं वाटलं असतं. माझा संशय तरी खरा ठरला असता.

"नाही हो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "सगळी नावं झाली की हे थोडा वेळ नुसते गप्प बसायचे. मी विचारलं, झालं का? तर म्हणाले, थांब, कुलकर्णीची वेळ आहे. त्याने बोलायला मनाई केलीय."

माझा देवावर विश्वास बसलेला नाही, आणि बसल्यासारखं इथे लिहिणार नाही. पण परवा नवं रोस्टर लावताना लॅबमधल्या मनप्रीतच्या शनिवारी, तिच्या मुलीचा वाढदिवस होता म्हणून, तिचं नाव खोडून मी पेन्सिलीने माझं घातलं. ती बोर्डापाशी आली, रकाना पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं मी शशीकडे पाहायचो ना, तसंच.

"सर, बदले में क्या चाहिए?"

मी थोडा वेळ नुसता गप्प बसलो.