आप्पांनी मुरघासाला पाडलेल्या खिडक्या

मंडळी, सिल्लोडच्या शेतावर बांधलेल्या मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवायच्या हिरव्या चाऱ्याच्या हौदाचा फोटो टाकून मी गेल्या आठवड्यात तुमच्याकडून भरपूर वाहवा उकळली होती. भिंतीला चीर नाही, तळाला उतार, मक्याची कुट्टी ट्रॅक्टरनं दाबलेली आणि वर जाड प्लास्टिक. आठ म्हशींचा उन्हाळा त्यात बंद केलाय.

आज सकाळी जाऊन पाहतो, तर प्लास्टिकला ओळीनं सात भोकं. शेत आणि म्हशी सांभाळणारे माझे चुलते शेजारीच विळा घेऊन बसलेले.

"आप्पा, हे कुणी केलं?"

"म्या. आत लई गरम झालं व्हतं. वाफ कोंडली तर सडंल नाय का?"

आप्पांनी जन्मभर वाळलेल्या कडब्याच्या गंजी रचल्या. गंजीत हवा खेळायला जागा ठेवावी लागते. मुरघासाचं नेमकं उलटं, हवा शिरली की बुरशी आलीच.

मी तावातावानं हे समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "साऱ्या जगाला मोबाइलवर सांगितलं, मग मलाच का नाय?"

भोकांवर चिकटपट्ट्या मारून पुंडलिकनगरला घरी परतलो.

आत किती खराब झालंय ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडलं तर उरलेलंही जाईल. चारा मुरेपर्यंत दीड महिना थांबायचं. दुपारपासून आप्पांचे तीन फोन झाले, "जरा कोपरा उचलून बघू का?" मी नाही म्हणतोय. पण खरं सांगतो, तिथं असतो तर एव्हाना मीच उचलला असता. अशा वेळी तुमच्यापैकी कुणाचे हात गप्प बसलेत का?