थांब, येतो

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्याही नाही. तसे त्यांचे कान कापडाच्या लूमच्या आवाजाने लवकरच गेले होते, पण तरी नाही. ते गेले, आणि गोष्ट माझ्याकडेच राहिली. आता तुम्ही समोर बसला आहात असं समजून सांगते. मधेच भलतीकडे गेले तर जाऊ द्या, मला तशी सवय आहे.

झालं काय, परवा नातीने मोबाइलवर एक जुनं कार्टून लावलं. हाताने काढलेलं, रंग विटलेले, मधूनच ओरखडे, मागे कुणीतरी पेटीसारखं काही वाजवतंय. बोलणं एक अक्षर नाही. गोठलेलं तळं, लाल मफलरवाला पोरगा आणि टोपीत फूल खोचलेली पोरगी. दोघं बर्फावरून घसरतात, आपटतात, एकमेकांना उठवतात. मग पोराला डोंगरापलीकडे जावं लागतं. जाताना तो वळतो, तळहात पुढे धरतो, मग तोच हात छातीला लावतो. पोरगी बाकावर बसून राहते. बर्फ पडत राहतो. गुडघे बुडतात, खांदे बुडतात, शेवटी टोपीतलं फूल तेवढं वर. तेव्हा तो येतो, आणि फुंकर घालून घालून तिला मोकळी करतो. संपलं.

सुरतेच्या माणसाने बर्फ बघितला तो गोळ्याच्या गाडीवर. तरी शेवटपर्यंत नजर हलली नाही माझी.

मी सुरती पापडीच्या शेंगा सोलत होते. शेजारी कमल, माझी धाकटी बहीण. दोघींनी ते कार्टून पूर्वी एकदा बघितलेलं होतं, हे दोघींनाही कळलं.

कमलला मी अमळनेरकडच्या आमच्या गावाहून आणली ती माझ्या पहिल्या बाळंतपणाला. माय नव्हती, म्हणून ती आली, आणि राहिली. तेव्हा आमची खोली सुरतेत लिंबायतला, खाली लूमचा कारखाना. भिंतीला पाठ टेकली तर दात वाजायचे. कारखान्यात बोलून ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातांनी. तार तुटली, चहा आला, शेठ आला, सगळ्याच्या खुणा. तळहात पुढे आणि मग छातीला म्हणजे 'थांब, येतो'. दोन्ही हातांची फुली म्हणजे 'बंद'. यांना ऐकू येईना तशा त्याच खुणा घरात आल्या. भाकरी वाढायची ती खुणेने, भांडायचं तेही खुणेने. कमल तर माझ्यापेक्षा लवकर शिकली.

रामदास ह्यांच्या शेजारच्या लूमवर होता. आमच्याच बाजूचा, शिरपूरकडचा. एका हिवाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, त्याने भाड्याने व्हीसीआर आणला आणि आमच्याच खोलीत लावला. गल्ली लोटली. परातीत पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, वर शेव. सिनेमाच्या आधी त्या कॅसेटमध्ये कुणीतरी हे कार्टून भरून ठेवलेलं.

"अरे, पुढं ढकल ना, हाई पोरेसनं काय लावं तू?" मागून कुणीतरी ओरडलं.

"चालू दे ना भो," रामदास म्हणाला, "तुला काय गाडी पकडायची आहे?"

त्या पोराने हात छातीला लावला तसा रामदास हसला. "हा तर आपल्याच कारखान्यातला निघाला!" सगळे हसले. कमल नाही हसली. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तो तिच्याकडे. मी दोघांकडे.

आता येते मुद्द्यावर. येतेच आहे.

थोड्याच दिवसांनी रामदासच्या वडिलांचं दुखणं वाढलं, तो गावी निघाला. कमल टिकल्या लावून तयार झालेल्या साड्या द्यायला पर्वत पाटियाच्या बाजारात गेलेली. तो समोरच्या ओट्याशी पिशवी घेऊन उभा, मी वर दारात, मधे कारखान्याचा खडखडाट. त्याने आधी माझ्या मागे, खोलीकडे बोट केलं. म्हणजे, तिला सांगा. मग तळहात पुढे, आणि छातीला. सावकाश, दोनदा. मला कळलं नाही असं व्हायला नको म्हणून.

कळलं ना. चांगलं कळलं.

कमल आली ती चप्पलही न काढता म्हणाली, "ताई, तो काय बोलना?"

मी म्हटलं, "काही नही बोलना. हात हालवा आणि गया."

ती मोरीवर गेली, पाय धुतले, आणि येऊन टिकल्या लावायला बसली. साडीवर टिकल्या लावण्यात तिच्यासारखा हात गल्लीत कुणाचा नव्हता. माझी दोन पोरं तिच्याच मांडीवर झोपायची. स्वयंपाक ती करायची. ती गेली असती तर? हे सगळं एकटीने करावं लागलं असतं, मला. बाकी काही कारण नव्हतं. जात आड नव्हती, माणूस वाईट नव्हता. तिचे हात मला माझ्या घरात हवे होते.

एवढंच असतं तरी चाललं असतं म्हणाल. पण तो आला.

चैत्राच्या उन्हात आला. कमल तेव्हाही साड्या घेऊन गेलेली. त्याच ओट्याशी उभा, आणि गळ्यात काय, तर लाल मफलर. सुरतेत, चैत्रात. घाम निथळतोय आणि स्वतःशीच हसतोय. कुणासाठी घालून आला होता ते मला सांगायला नको होतं. त्याने मान उडवून विचारलं, कुठे आहे?

मी दोन्ही हातांची फुली केली. बंद. मग कपाळाला कुंकवाची आणि लांब गावाकडची खूण केली. लग्न झालं, दिली तिला.

तोंडातून शब्द काढला नाही मी. पुष्कळ वर्षं स्वतःला तेच सांगत होते, की मी कुठे काय बोलले?

त्याने मफलर काढला, घडी घातली, पिशवीत ठेवला. मग मला नमस्कार करून गेला. पुढे दुसऱ्या गावच्या कारखान्यात लागला, एवढंच ऐकलं.

कमलला नंतर स्थळं आली. ती नको म्हणाली, मीही धरून बसले नाही. माझी पोरं मोठी झाली, त्यांची पोरं झाली. सगळ्यांना तिनेच न्हाऊ-माखू घातलं.

तर परवा नातीने तिला विचारलं, "कमलआजी, तो छोकरो काय म्हणतो हाताने?"

कमल पापडीचे दाणे ताटात सोडत म्हणाली, "थांब, येतो म्हणतो."

"मग ती बसून राहते? एवढ्या थंडीत?"

"राहीन नही का," कमल म्हणाली. "पण 'थांब' असं कुणी म्हनाले तर पायजे."

मी मान वर केली नाही. पापडी सोलत राहिले.

मी शाळेत गेले नाही. उशिरा, पाट्या वाचत वाचत अक्षरं लावली. लिहिते त्यात चुका फार, म्हणून पत्र असो की अर्ज, जे लिहिते ते कमल आधी वाचते, पेन्सिलीने दुरुस्त करते आणि मग बाहेर जातं. हेही तिच्याच हातात देणार आहे.

कमल, त्याने म्हटलं होतं. दोनदा. आणि तो आला होता.